काठाचा हिशोब

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त महिला मंडळाने क्लब हाऊसमध्ये भरवलेल्या हस्तकला प्रदर्शनाच्या दिवशी झालेले भाषण. बोलण्याच्या ओघातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



मला सांगण्यात आलं होतं की, "लेस आणि काठ लावायच्या चार युक्त्या सांगा, वीस मिनिटं बोला." युक्त्या सांगतेच. इतकी वर्षं शिवणाचे क्लास घेतल्यावर युक्त्या सांगायची सवयच लागते. पण आज त्याबरोबर थोडा हिशोबही सांगणार आहे. सोसायटी म्हटली की हिशोब आलाच, त्यामुळे कुणाची हरकत नसावी.

बाहेरच्या टेबलांवरच्या वस्तू तुम्ही आत्ता बघून आलात. टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे, कुंच्या, दुपटी, खणाची तोरणं, साडीच्या काठाचे ब्लाऊज. वस्तू वेगवेगळ्या असल्या तरी प्रत्येकीच्या कडेला काहीतरी लावलेलं आहे. कुठे लेस, कुठे गोट, कुठे पायपिन, झालर, गोंडे, नाहीतर जुन्या साडीचा काठ. बघणारा म्हणतो, "किती छान दिसतंय!" दिसतंयच. पण छान दिसण्याच्या आधी ती कड एक काम करत असते. कापड मधे फारसं झिजत नाही, ते कडेला झिजतं. साडी पायाशी विरते, पडदा जमिनीशी मळतो, बाही मनगटाशी फाटते, उशीचा अभ्रा तोंडाशी उसवतो. जिथे घासतं तिथे आपण पट्टी लावतो, आणि लावायचीच आहे तर देखणी लावतो. आधी टिकाऊपणा आणि मग नटणं, असा तो क्रम आहे.

आपल्याकडच्या विणकरांना हे फार आधीपासून माहीत होतं. काठाचे धागे अंगापेक्षा दाट आणि घट्ट घेतात, म्हणून साडी अंगात विरली तरी काठ शाबूत राहतो. विदर्भातली करवतकाठी साडी बघा. काठाला करवतीसारखे दाते. पैठणीत किंवा करवतकाठीत काठाचा रंग एक आणि अंगाचा दुसरा असतो. त्यासाठी दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक असे तीन धोटे चालवतात आणि काठाचा बाणा अंगाच्या बाण्यात अडकवत विणतात. काठ वेगळा दिसतो, पण शिवणीशिवाय अंगाला धरून राहतो. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण घ्या. आपण ओटीत ठेवतो तो त्रिकोणी घडीचा. त्याला दोन्ही बाजूंनी काठ असतो आणि चोळी शिवताना तो काठ बाहीच्या टोकाला येईल असंच बेततात. म्हणजे जिथे हात सारखा घासणार तिथे दाट विणलेला काठ. शोभाही झाली आणि बाहीही टिकली.

विणलेला काठ नसेल तिथे आपण शिवून लावतो. दुपट्याला चौफेर वेगळ्या कापडाचा गोट, कुंचीच्या कडेला लेस. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा निम्म्या खिडक्यांना जुन्या साड्यांचेच पडदे होते, आठवतंय ना? आणि सगळ्यांत हुशार पट्टी म्हणजे साडीचा फॉल. फॉल कुणाला दिसत नाही, कुणी त्याचं कौतुक करत नाही, पण साडीला खाली वजन देतो आणि पायाशी झिजायचं ते साडीऐवजी स्वतः झिजतो. (मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "आमच्यासारखाच!" असू दे.)

आता हिशोब. पहिला लांबीचा.

दुकानात गेल्यावर आपण म्हणतो, "दहा मीटर द्या, पुरेल." पुरत नाही, आणि परत गेल्यावर तीच लेस मिळत नाही. रविवार पेठेत ज्यांनी एका लेसचा तुकडा हातात घेऊन दहा दुकानं पालथी घातली आहेत त्यांना मी काय सांगू! समजा डबल बेडची चादर २२५ बाय २५० सेंटीमीटर आहे. चारी बाजू मिळून ९५० सेंटीमीटर. लेस कडेवरच बसवायची असेल, म्हणजे लेसची बाहेरची कड आणि चादरीची कड एकावर एक, तर एवढीच लागेल. पण लेस कडेच्या बाहेर लोंबती हवी असेल, तर प्रत्येक कोपऱ्याला लेसच्या रुंदीच्या दुप्पट जास्त लागते. पाच सेंटीमीटर रुंद लेस असेल तर कोपऱ्याला दहा, चार कोपऱ्यांना चाळीस. झाले ९९०. जोडायला आणखी पाच. शिवाय सुती लेस पाण्यात आटते, तेव्हा साडेदहा मीटर घ्या आणि निर्धास्त व्हा.

गोल टेबलक्लॉथचं गणित जरा फसवं असतं. १२० सेंटीमीटर व्यासाच्या कापडाचा घेर होतो ३७७ सेंटीमीटर. पण पाच सेंटीमीटरची लेस बाहेर लोंबली की तिच्या बाहेरच्या कडेचा घेर होतो ४०८. एवढा फरक कुठून येणार? म्हणून लेस सव्वाचार मीटर घ्यायची आणि कापडाकडच्या बाजूला बारीक धावदोरा घालून हलकी चूण आणायची. तसं केलं नाही तर लेस कपाच्या काठासारखी आत वळते. सरळ झालर हवी असेल तर घेराच्या दीडपट ते दुप्पट पट्टी लागते. कापड जाड असेल तर दीडपट, मलमलसारखं पातळ असेल तर दुप्पट.

दुसरा हिशोब पाण्याचा.

कापड आणि लेस, दोन्ही शिवण्याआधी रात्रभर पाण्यात टाका, वाळवा, इस्त्री करा. नवीन सुती लेस मीटरमागे चार सेंटीमीटर आटली असं धरलं, तर आपल्या त्या चादरीला सगळीकडून मिळून ३८ सेंटीमीटर लेस कमी पडते. चादर तेवढीच राहिली आणि लेस आटली, तर कड होडीसारखी वर वळते. पुष्कळ जणी म्हणतात, "शिवताना छान होतं, धुतल्यावर बिघडलं." शिवताना ते छान नव्हतंच, फक्त दिसलं नव्हतं. फॉलचंही तसंच. आधी भिजवल्याशिवाय फॉल लावू नका, नाहीतर पहिल्या धुण्यातच साडीचा काठ चुण्या चुण्या होतो.

रंगही पाण्यातच कळतो. पांढरा रुमाल ओला करून लेसवर किंवा गोटावर दाबून ठेवा. लाल आणि गर्द निळ्याची तर खास परीक्षा घ्या. रुमालाला रंग लागला तर ती पट्टी फिकट कापडाला लावायची नाही, कितीही आवडलेली असो.

तिसरा हिशोब वजनाचा.

मलमलच्या ओढणीला जड गोटापट्टी लावली की ओढणी लोंबते, टाक्यांशी भोकं पडतात आणि महिन्याभरात ओढणी फाटते. दोष दोऱ्याला देतो आपण! जाडाला जाड, हलक्याला हलकी, एवढं लक्षात ठेवा. शंका असेल तर टाचण्यांनी पट्टी नुसती टोचून कापड रात्रभर दोरीवर लटकवून ठेवा. सकाळी कापड सांगेल त्याला हे ओझं झेपतंय की नाही. बाळाच्या कपड्यांना मात्र वजनाचा प्रश्नच नको. मणी, टिकल्या, जर, काही नाही. टिकली सुटते आणि पहिल्यांदा तोंडात जाते. बाळाला मऊ सुती गोट, तोही असा की आतली शिवण अंगाला टोचणार नाही. कुंचीची नाडी बाळ जागं असेल आणि आपण जवळ असू तेव्हाच बांधायची, निजवताना कुंची काढून ठेवायची.

चौथा हिशोब टाक्याचा.

मशीनवर बसण्याआधी कच्चे टाके घाला. कंटाळा येतो, मला माहीत आहे. पण टाचण्यांवर भरवसा ठेवून थेट टीप मारली की पट्टी पुढे सरकते आणि शेवटच्या कोपऱ्यात दोन बोटं जास्त उरते. पट्टीच्या दोन्ही कडांना टीप मारायची असेल तर दोन्ही टिपा एकाच दिशेने मारा. एक वरून खाली आणि दुसरी खालून वर मारली, तर पट्टी पिळल्यासारखी तिरपी बसते. शिवताना लेस ताणायची नाही, मशीन घेईल तशी सोडायची. गळ्याला किंवा गोलाईला पायपिन करताना उरेब पट्टीच कापायची. सरळ कापलेली पट्टी गोलाईला कधीच वळत नाही, तिला कितीही समजावा. बारीक कापडाला अकरा नंबरची सुई, साध्या सुतीला चौदा, जाड पडद्याला सोळा. रेशमाला नवी सुई, बोथट नाही. नायलॉनच्या लेसला इस्त्री उलट्या बाजूने, मधे सुती कापड ठेवून. आणि जरीचा काठ लावत असाल तर टाके थोडे लांब घ्या, म्हणजे पुढेमागे उसवता येईल. कापड पाचदहा वर्षं चालतं, चांगला काठ त्याच्यानंतरही दुसऱ्या कपड्याला लावता येतो. त्याला परत निघायची वाट ठेवलेली बरी.

आता पाचवा हिशोब, जुन्या साड्यांचा. इथे जरा गंभीर होते.

आपल्या प्रत्येकीच्या माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यात सासूबाईंची नाहीतर आईची एखादी साडी आहे. नेसवत नाही, टाकवत नाही. मग एक दिवस दारावर कुणी येतं आणि भांड्यावर किंवा चार नोटांवर ती साडी जाते. जाऊ दे, पण जाण्याआधी ती एकदा उजेडासमोर धरा. अंग विरलेलं असेल. काठ बघा. आणि जर बघा. जुनी खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार, तिच्यावर सोन्याचा मुलामा. दुसरी तांब्याच्या तारेची, आणि हल्लीची बरीचशी प्लॅस्टिकची. साडीच्या आतल्या टोकाला, जिथे कुणाला दिसणार नाही, तिथे सुईने एखादी तार हलकेच खरवडा. पांढरी चमक दिसली तर चांदी, तांबूस दिसली तर तांबं, आणि पापुद्रा निघाला तर प्लॅस्टिक. खऱ्या जरीची साडी विकत घेणारा ती नेसायला घेत नसतो. तो तिची चांदी काढतो. तो त्याचा धंदा आहे, त्यात गैर काही नाही. पण आपण काय विकतोय हे आपल्याला माहीत असावं.

आणि विकायची नसेल तर काठ वाचवा. काठाला लागून अंगाचं अर्धा इंच कापड सोडून कापा, अगदी काठाच्या रेषेवर कापू नका, नाहीतर शिवायला काही उरत नाही. जिथे घडीवर रेशीम चिरलंय तेवढा तुकडा सोडून द्या. बाकीच्या काठाला मागून मलमलची किंवा जुन्या मऊ सुती कापडाची पट्टी हाताने टाचा आणि मग कुठेही लावा, ब्लाऊजच्या बाहीला, उशीला, देवाच्या आसनाला, नातीच्या परकराला. लगेच लावायचा नसेल तर सुती कापडात गुंडाळून ठेवा, मधून मधून घडी बदला, आणि डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका, जर काळी पडते.

आता शेवटचा हिशोब, तो वेळेचा. खरं सांगायचं तर हा सांगण्यासाठीच मी आज उभी राहिले.

माझ्या मागे जो स्टेजचा पडदा आहे त्याच्या खालच्या कडेला आणि मधल्या दोन्ही कडांना तुम्हाला काठ दिसतोय. अठरा मीटर काठ आहे तो. चार घरांतल्या चार जुन्या साड्यांचा. मंडळातल्या अकरा जणींनी तो लावला. मी क्लासच्या सवयीने एक वही ठेवली होती आणि कुणी काय केलं, किती वेळ केलं, ते लिहीत गेले. काठ निवडणं, उसवणं आणि कापणं, २१ तास. मागून पट्टी टाचणं, १८ तास. टाचण्या आणि कच्चे टाके, १३ तास. मशीनची टीप, ६ तास. कोपरे आणि शेवटची हातशिलाई, १६ तास. एकूण ७४ तास. त्यातले मशीनवरचे फक्त सहा. म्हणून कुणी म्हणालं ना, "मशीन तर आहे तुमच्याकडे, तासाभरात होईल," की मला ही वही दाखवावीशी वाटते.

सोसायटीच्या जमाखर्चात या पडद्याची एक ओळ आहे. "पडदा सजावट, दोरा, सुया, अस्तर, ६४० रुपये." ओळ बरोबर आहे, पावती मीच दिली. पण पुढच्या वेळी नवीन कार्यकारिणी ही ओळ वाचेल तेव्हा तिला वाटेल, पडद्याची सजावट सहाशे चाळीस रुपयांत होते. होत नाही. ती सहाशे चाळीस रुपये आणि चौऱ्याहत्तर तासांत होते.

आमच्याच मंडळातल्या एक ज्येष्ठ सभासद मला म्हणाल्या, "अगं, घरच्या कार्याला हात लावला त्याचे तास कसले मोजायचे?" त्यांचं म्हणणं मला पटतं. आम्ही पैसे मागत नाही, मागणारही नाही. आपुलकीनं केलं, गप्पा मारत केलं, सात दुपारी मजेत गेल्या. पण मोजणं म्हणजे मागणं नव्हे. मोजलं नाही तर पुढची म्हणते, "दोन दिवसांत करून टाका." आणि मग जिला जमत नाही तिलाच वाटतं की आपणच कुठे कमी पडलो.

गोदावरी आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावते, पैठणवरून जाते आणि समुद्राला मिळण्याआधी आंध्रातल्या नरसापूरजवळून वाहते. पैठणला काठ विणतात, नरसापूरला क्रोशाची लेस विणतात. तिथल्या बायकांना ही लेस एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी शिकवली आणि ती परदेशात जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या बायकांचा अभ्यास केला, त्यांचं 'द लेसमेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक १९८२ साली आलं. त्यांना दिसलं ते असं. या बायका घरचं सगळं करून दिवसाचे कित्येक तास लेस विणत होत्या, पण सगळे त्यांना गृहिणीच म्हणत आणि लेस म्हणजे फावल्या वेळातलं काम समजत. काम फावल्या वेळातलं म्हटलं की त्याचा दरही फावलाच राहतो. नफा व्यापाऱ्याकडे जात होता.

नरसापूर लांब आहे. आपल्या इमारतींत या. फॉल-पिको करणाऱ्या, ब्लाऊजला लेस लावून देणाऱ्या, पडदे शिवणाऱ्या किती तरी जणी इथे आहेत. त्यांच्याकडे जाऊन आपण काय म्हणतो? "आपल्याच बिल्डिंगमधल्या ना तुम्ही, थोडं कमी करा." बाहेरच्या दुकानात घासाघीस न करता पैसे देतो, तिथे दुकानाचं भाडं दिसतं. इथे दुकान नाही, म्हणून काम स्वस्त वाटतं. हाताने नीट फॉल लावायला, साडीचे एक-दोनच धागे उचलत, माझ्या हाताला पाऊण तास लागतो. शेजारीण असली तरी तिचाही पाऊण तासच जातो. शेजारधर्म म्हणून तिला वाटीभर आमटी द्या, जरूर द्या. पण शिलाईचे पैसे पूर्ण द्या. आणि ज्या हे काम करता त्यांना सांगते, दर विचारला की आधी मान खाली घालू नका. वहीत तास लिहा, दोऱ्याचे पैसे लिहा, आणि आकडा स्वच्छ सांगा.

कार्यकारिणीला माझी एकच विनंती आहे. जमाखर्चातल्या त्या ओळीशेजारी कंसात "सभासदांचे श्रम, ७४ तास" एवढं लिहावं. रुपये नकोत. कोषाध्यक्ष मान हलवताहेत, म्हणजे होईल असं दिसतंय.

आणि ज्यांच्या माळ्यावर ती साडी आहे त्यांनी येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता ती घेऊन इथेच या. सोबत धारदार कात्री आणि उसवायला ब्लेड आणा. कापायची की ठेवायची ते साडी बघून ठरवू. पुरुषमंडळींनीही यायला हरकत नाही, उसवायचं काम कुणालाही जमतं.

चहा आला असं दिसतंय, तेव्हा इथे थांबते. सगळ्यांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.